जुन्या फायबरच्या होडीत जिवंत मासळीची टाकी बसवायची आहे. पाणी आत-बाहेर कसे खेळवावे?

हडपसरचा_नावाडी

नमस्कार मंडळी. मी हडपसरला राहतो, पण आमची होडी भिगवणच्या बाजूला उजनी धरणाच्या फुगवट्यावर असते. होडी सोळा फुटी, फायबरची, साधारण १९९६ च्या सुमारास बांधलेली असून मागे १५ अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन आहे. मामा मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद आहेत. जाळे तेच लावतात आणि मी शनिवार-रविवारी त्यांच्याबरोबर असतो. आजवर मासळी आम्ही ओल्या गोणपाटाखाली क्रेटमध्ये ठेवून काठावर आणत आलो. आता पुण्यातील एक गिऱ्हाईक ऑक्सिजनची टाकी लावलेला टेम्पो घेऊन थेट काठावर येते आणि जिवंत मासळीला चांगला भाव देते. मात्र जाळ्यातून काठावर येईपर्यंत, म्हणजे दोन-अडीच तास, मासे जिवंत ठेवण्याची जबाबदारी आमची.

पहिला प्रयत्न म्हणून आम्ही निळा ड्रम आडवा कापून त्यात पाणी भरले आणि अधूनमधून बादलीने पाणी बदलत राहिलो. चिलापी टिकली, पण कटला वीस-पंचवीस मिनिटांतच पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागला आणि काठ येण्याआधीच उलटा झाला. रोहूंपैकी निम्मे गेले.

म्हणून आता नीट टाकी बसवायचे ठरवले आहे. बसायच्या मधल्या आणि मागच्या फळीच्या मध्ये ८० × ४० × ३२ सेंटिमीटरची, म्हणजे साधारण १०० लिटरची टाकी, १२ व्होल्टचा पंप आणि पाऊण इंची नळी असा विचार आहे. ज्या फळीवर इंजिन टांगलेले आहे तिला पाण्याच्या पातळीखाली भोक पाडून तिथून पाणी आत घ्यायचे आणि दुसऱ्या भोकातून बाहेर सोडायचे. मामांचे म्हणणे एवढेच आहे की, "होडीला पाण्याखाली भोक पाडायचे असेल, तर आधी मला पटवून दे." मला ते अजून पटवून देता आलेले नाही. भोक नेमके कुठे पाडावे, कोणते फिटिंग वापरावे, पंप किती मोठा घ्यावा आणि बाहेर जाणारी नळी किती जाडीची असावी, हे अनुभवी लोकांनी सविस्तर सांगितले तर उपकार होतील.

फायबरकाम_भोसरी

तुमच्या मामांची शंका रास्त आहे. पंप आणि नळ्या यांकडे वळण्याआधी त्या फळीची अवस्था पाहणे हे खरे पहिले काम आहे.

त्या काळातल्या होड्यांची मागची फळी बाहेरून आणि आतून फायबरची दिसत असली, तरी पोटात बहुधा प्लायवूड असते. इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून वर्षानुवर्षे थोडे थोडे पाणी झिरपते आणि बाहेरचा जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, चकचकीत असतानाही आतले लाकूड कुजून गेलेले असू शकते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने संपूर्ण फळी चार बोटांच्या अंतराने ठोकून पाहा. टणक, कोरडा आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर तिथे खडूने खूण करा. नंतर होडी काठावर असताना, आतल्या बाजूने, सर्वांत खालच्या खुणेजवळ ६ मिलिमीटरचे ड्रिल हळूहळू चालवा आणि बाहेरच्या पापुद्र्यापर्यंत पोहोचण्याआधी थांबा. ड्रिलवर येणारा भुसा पिवळसर आणि कोरडा असेल तर लाकूड जिवंत आहे. भुसा काळपट तपकिरी असेल, बोटांत चुरला की लगदा होत असेल आणि त्याला आंबूस वास येत असेल, तर त्या फळीला नवे भोक पाडण्याचा विचार सोडून द्या. ती फळी इंजिन तरी किती दिवस धरून ठेवील, याचाच विचार आधी करावा लागेल. परीक्षेसाठी पाडलेले भोक घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरायला विसरू नका.

लाकूड चांगले निघाले असे धरून पुढचे सांगतो. फिटिंगला जेवढे भोक लागते, त्यापेक्षा १२ ते १५ मिलिमीटर मोठे भोक आधी पाडावे, ते घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरावे, ते कडक झाले की त्याच्या मधोमध फिटिंगच्या मापाचे भोक पाडावे. असे केले म्हणजे फिटिंगभोवती इपॉक्सीची कडी तयार होते आणि सीलंटने पुढेमागे दगा दिला तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. इथे एक चूक अनेकांकडून होते: इपॉक्सी होडीच्या जुन्या पॉलिएस्टर रेझिनवर चांगली धरते, पण इपॉक्सीवर नेहमीचे पॉलिएस्टर रेझिन आणि मॅट, म्हणजे काचतंतूंची चटई, लावली तर ती नीट धरत नाही. म्हणून एकदा इपॉक्सीने सुरुवात केली की त्या जागेचे सगळे काम इपॉक्सीनेच पूर्ण करावे.

पाण्याखालच्या फिटिंगसाठी कांसे किंवा काचतंतू घातलेले मरीन नायलॉन घ्यावे. घरच्या नळकामातले पांढरे पीव्हीसी तिथे नको. उन्हाने ते ठिसूळ होते आणि नांगर किंवा क्रेट आपटला की मानेपाशी तुटते. फिटिंगला आतून लगेच बॉल व्हॉल्व्ह असलाच पाहिजे, म्हणजे नळी फाटली तरी हाताने पाणी बंद करता येते. फिटिंग आणि व्हॉल्व्हचे आटे दुकानातच एकमेकांवर बसवून पाहा. सरळ आट्याच्या फिटिंगवर निमुळत्या आट्याचा व्हॉल्व्ह दोन-तीन फेरे छान बसतो आणि मग अडतो. माणसाला वाटते की घट्ट झाला, प्रत्यक्षात तो त्या दोन-तीन फेऱ्यांवर लटकत असतो. नळीला दोन्ही टोकांना स्टेनलेस स्टीलच्या दोन-दोन क्लिपा लावाव्यात. सीलंट पॉलियुरेथेनचा हवा; न्हाणीघरातला सिलिकॉन पाण्याखाली लावू नका. आतून नट कसताना बाहेरच्या कडेने सीलंटची सलग वळी उमटली पाहिजे. वळीत कुठेही खंड दिसला, तर आळस न करता फिटिंग काढून पुन्हा लावावे.

आता माझे मत सांगतो. जुन्या होडीला, निदान पहिल्या हंगामात, पाण्याखाली भोक पाडूच नये. तुमची होडी जाळ्यावर काम करते, म्हणजे बहुतेक वेळ उभी किंवा अगदी संथ चालणारी असते. अशा होडीला स्टेनलेसच्या पट्टीवर बसवलेला बुडता पंप मागच्या फळीवरून पाण्यात सोडला आणि नळी फळीच्या वरून आत घेतली, तर एकही भोक न पाडता काम होते. पट्टी वर उचलता येईल अशी खिट्टीवर ठेवा. जोराने जायचे असेल तेव्हा पंप वर घ्या. पंखा ढवळतो त्या पाण्यात हवेचे बुडबुडे असतात आणि असला पंप हवा ओढू लागला की त्याला पाणी चढत नाही, म्हणून तो इंजिनाच्या मध्यरेषेपासून किमान एक फूट बाजूला असावा. उजनीत जलपर्णी आणि शेवाळ भरपूर असल्यामुळे पंपाच्या स्वतःच्या जाळीवर भरवसा न ठेवता बाहेरून मोठ्या भोकांचा डबा बसवावा. जाळीचे क्षेत्र जितके मोठे, तितके तिचे तोंड उशिरा बंद होते.

जास्तीचे पाणी बाहेर जाण्याची वाट मात्र कोणत्याही पद्धतीत तुम्हाला करावीच लागेल, आणि माझ्या मते सगळ्या कामाचा जीव तिथेच आहे. बाजारात ५०० गॅलनचा म्हणून मिळणारा पंप कागदावर तासाला साधारण १,९०० लिटर पाणी देतो. उंची, वळणे आणि नळीची लांबी यांमुळे प्रत्यक्षात त्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास मिळाले तरी पुष्कळ झाले. पण आत येणाऱ्या पाण्यामागे पंपाचा जोर असतो, तर बाहेर जाणाऱ्या पाण्याला फक्त उताराचाच आधार. म्हणून आवक पाऊण इंची असेल, तर जावक किमान दीड इंची ठेवावी, ती कुठेही वर न चढता सतत उतरती असावी आणि तिचे बाहेरचे तोंड होडी पूर्ण लादलेली असतानाही पाण्याच्या वर राहिले पाहिजे. टाकीतल्या तोंडावर सपाट जाळी नको, घुमटासारखी फुगीर जाळी हवी; सपाट जाळीवर एक मासा आडवा चिकटला की वाट बंद.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी पानशेतच्या एका होडीवर मी आवक आणि जावक दोन्ही पाऊण इंचीच ठेवल्या होत्या. एका चिलापीचे शेपूट जाळीत अडकले, टाकी काठोकाठ भरून पाणी फळ्यांखाली उतरत राहिले आणि गळ टाकून बसलेल्या माणसांना अर्ध्या तासाने मागचा काठ बुडताना दिसला तेव्हाच ते कळले. सगळे सुखरूप आले, पण त्या दिवसापासून मी जावकेचे माप आधी ठरवतो आणि पंप नंतर निवडतो.

मत्स्यबीज_ताई

नावाडी दादा, मी अकरा वर्षे मत्स्यबीजाची वाहतूक केली आहे, म्हणून माशांच्या बाजूने थोडे लिहिते.

तुमचा कटला का गेला, याचे उत्तर बरेचसे पाण्याच्या तापमानात आहे. २० अंश सेल्सिअसला हवेशी समतोल झालेल्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. म्हणजे पाणी तापते तसा साठा घटतो, आणि नेमक्या त्याच वेळी माशाची ऑक्सिजनची गरज वाढते. जाळ्यात धडपडून आलेल्या माशाची गरज तर आणखी मोठी असते. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली आपल्या कार्प जातीच्या माशांना त्रास होऊ लागतो. त्यातही कटला सर्वांत नाजूक, रोहू त्याच्यापेक्षा बरा. चिलापी कमी ऑक्सिजनमध्येही तग धरते, म्हणून ती तुमच्या ड्रममध्ये वाचली. मरळाचे प्रकरण वेगळे आहे. तो वर येऊन हवेतला श्वास घेतो आणि त्याला तो घेऊ दिला नाही, तर भरपूर पाण्यातही गुदमरतो. मरळ ठेवायचा असेल तर पाणी आणि झाकण यांच्यामध्ये चार-पाच बोटे मोकळी जागा हवी, आणि झाकणाला खिट्टीही हवी, कारण तो उडी मारून बाहेर पडतो.

उजनीच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. पुण्याचे सांडपाणी घेऊन मुळा-मुठा भीमेला मिळते आणि तेच पाणी पुढे उजनीत येते, त्यामुळे फुगवट्याचे पाणी पुष्कळदा हिरवेगार असते. हे शेवाळ दिवसा ऑक्सिजन तयार करते, पण रात्रभर तोच वापरते. म्हणून पहाटे, सूर्य उगवण्याच्या सुमारास, पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. आणि मामांची जाळी काढण्याची वेळ बहुधा तीच असणार. अशा वेळी बाहेरचे पाणी नुसते टाकीत आणणे पुरेसे होत नाही, ते हवेतून फोडून आणावे लागते. टाकीच्या लांबीइतकी नळी घ्या, तिचे एक टोक बंद करा, खालच्या बाजूने ३ मिलिमीटरची भोके एका ओळीत पाडा आणि ती पाण्याच्या चार बोटे वर आडवी बसवा. पाण्याच्या बारीक धारा वरून पडतात तेव्हा त्या हवा बरोबर घेऊन खाली जातात.

किती मासे ठेवावेत, तर पाणी सतत बदलत असेल तेव्हा आठ ते दहा लिटरला एक किलो हे माप मी पाळत आले आहे. तुमच्या टाकीत दहा-बारा किलो. त्याहून जास्त मोह धरू नका.

भर दुपारी पाणी फार तापले आणि बाहेरचे पाणी घेणे बंद ठेवून तेच पाणी फिरवायचे असेल, तर बर्फाचा उपयोग होतो. १०० लिटर पाणी १ अंशाने थंड करायला साधारण १ किलो बर्फ लागतो. तो थेट टाकीत टाकू नका. नळाच्या पाण्याच्या बर्फातले क्लोरीन कल्ल्यांना बाधते. प्लॅस्टिकच्या बाटल्यांत पाणी गोठवा आणि त्या बंद बाटल्याच टाकीत सोडा. एकदम तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरक करू नये, कारण तापमानाचा धक्काही मासा मारतो. अशा बंद पाण्यात लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे तुमच्या टाकीला ३०० ग्रॅम साधे मीठ घातले तर माशांवरचा ताण कमी होतो. पाणी बाहेरून येत-जात असेल तेव्हा मीठ टाकण्यात अर्थ नाही.

आणि हात लावताना हात ओले करून लावा. माशाच्या अंगावरचे चिकट आवरण हेच त्याचे कातडे समजा. कोरड्या हाताने किंवा खरखरीत जाळीने ते निघाले की मासा त्या दिवशी पोहेल, पण गिऱ्हाइकाच्या टाकीत दुसऱ्या दिवशी पांढरे चट्टे घेऊन मरेल. त्याच कारणाने टाकीचे कोपरे गोल करून घ्या. चौकोनी टाकीत मासे कोपऱ्यात नाक घासत राहतात.

तारजोड_बुधवारपेठ

वरच्या दोन्ही उत्तरांत विजेचा भाग राहिला आहे, तो थोडक्यात लिहितो. असा पंप चालताना साधारण अडीच अँपिअर घेतो. सहा तास चालला तर १५ अँपिअर-तास झाले, आणि शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणून निदान ३० आणि शक्यतो ४० अँपिअर-तासांची बॅटरी फक्त या कामासाठी ठेवा. तुमचे इंजिन दोरीने सुरू होणारे असेल तर बॅटरी घरी नेऊनच चार्ज करावी लागेल, हे मामांना आधी सांगून ठेवा.

बॅटरीपासून पंपापर्यंत पाच मीटर अंतर धरले तर तार जाऊन-येऊन दहा मीटर होते. त्यासाठी अडीच चौरस मिलिमीटरची तार घ्या. तीत पंपाला जेमतेम ०.२ व्होल्ट कमी मिळतात. घरातली साधी तार चालेल का, असे विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत विचारले तर कोणीही "चालेल" म्हणेल, पण ओलाव्यात उघडे तांबे इन्सुलेशनच्या आत हातभर काळे पडत जाते. कथिलाचा मुलामा दिलेली तार मागा. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आतच बसवा आणि तो पंपावर लिहिलेल्या अँपिअरचाच असू द्या. जोड पिळून टेप गुंडाळायचे नाहीत. दाबून बसवायचे आणि त्यावर आतून गोंद असलेली आकसणारी नळी तापवून चढवायची. सगळे जोड तळातल्या पाण्यापासून जितके उंच ठेवता येतील तितके ठेवा.

एक वेगळा मुद्दा. टाकी बसवणार असाल तर तळातले पाणी उपसणारा, तरंगत्या स्विचवर आपोआप सुरू होणारा दुसरा पंपही बसवा आणि त्याची तार मुख्य स्विचमधून न नेता वेगळ्या फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडा. होडीत पाणी आणण्याची सोय केली, तर बाहेर काढण्याची सोय तिच्याबरोबरच व्हायला हवी.

फायबरकाम_भोसरी

वजनाबद्दल लिहायचे राहून गेले, आणि ते राहून चालणार नाही. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, आणि हे १०० किलो एका जागी बसत नाहीत. टाकी अर्धवट भरलेली असेल तर होडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला पाणी धावते आणि कल आणखी वाढवते. टाकीची ८० सेंटिमीटरची बाजू होडीच्या लांबीच्या दिशेने ठेवा. तीच टाकी आडवी ठेवली तर हा परिणाम चौपट होतो. टाकी होडीच्या मध्यरेषेवर, जमेल तितकी खाली, आणि मध्यापासून अगदी थोडी मागे असावी. पाण्याचे धावणे अडवायला आत भोके असलेली एक उभी फळी घालावी. चालताना टाकी पूर्ण भरलेली असावी, नाहीतर पूर्ण रिकामी. तळाशी स्वतंत्र बूच आणि दीड इंची निचरा ठेवा, म्हणजे वारा सुटला तर दोन मिनिटांत रिकामी करता येईल. तो निचरा बाहेर, पाण्याच्या वर उघडत नसेल, तर निदान बादलीने उपसण्याइतके टाकीचे तोंड मोठे ठेवा.

मे २०२४ मध्ये याच उजनीत कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा माणसे गेली. त्या पाण्यावर संध्याकाळी वळवाचा वारा किती अचानक येतो, हे मामांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. टाकी भरली की होडीत बसणाऱ्या माणसांतून दीड माणूस कमी करा, आणि लाइफ जॅकेट अंगावर असू द्या, फळीखाली नको.

हडपसरचा_नावाडी

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण आधी सांगितल्याप्रमाणे करून पाहायचे होते.

फळी ठोकून पाहिली. उजव्या बाजूला, इंजिनाच्या खालच्या बोल्टापासून तळापर्यंत, तळहाताएवढ्या भागात आवाज बद्द आला. मामांनी स्वतः ड्रिल धरले. पहिले दोन-तीन मिलिमीटर पांढरी भुकटी आली, नंतर चहाच्या चोथ्यासारखा काळपट ओला भुसा ड्रिलला चिकटून आला आणि भोकातून तपकिरी पाण्याचा एक ओघळ हळूच खाली उतरला. मामा काही वेळ त्या ओघळाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "याच्या आधारावर आपण इंजिन चालवत होतो." पाण्याखाली भोक पाडण्याचा विषय तिथेच संपला. आवाज बद्द येतो तो भाग बोल्टांच्या खालीच आहे आणि वरचे लाकूड दोन ठिकाणी तपासले तर कोरडे निघाले. तरीही पावसाळ्यापर्यंत अर्ध्या गतीच्या पुढे जायचे नाही, असे ठरवले आहे.

टाकी गोल कोपऱ्यांची करून घेतली, जावक दीड इंची ठेवली आणि ती उजव्या काठाखालून, पाण्याच्या पातळीपासून वीतभर वर बाहेर काढली. बुडता पंप पट्टीवर बसवला. काठाला बांधलेल्या होडीत नुसत्या पाण्याची चाचणी घेतली, तेव्हा २० लिटरची बादली भरायला ५२ सेकंद लागले, म्हणजे तासाला १,४०० लिटरच्या किंचित आत. टाकीतले पाणी तासाला जवळपास चौदा वेळा बदलते. जावकेची नळी निम्मीही भरत नाही.

अडचण एकच आहे. पंप बंद केला की टाकीतले पाणी आपोआप उलटे जाते आणि दहा-पंधरा मिनिटांत टाकी निम्म्यावर येते. पंपात काही दोष असेल का? शिवाय एकदा पंप वर उचलून पुन्हा सोडला, तेव्हा तो घुमत होता, पण पाणी येत नव्हते.

फायबरकाम_भोसरी

पंपात दोष नाही. तुम्ही आवक नळीचे टोक टाकीतल्या पाण्यात बुडवले असणार. टाकी बाहेरच्या पाण्यापेक्षा उंच आहे, त्यामुळे पंप थांबला की तीच नळी वक्रनलिका होते आणि पाणी पंपातून परत तळ्यात जाते. ताईंनी सांगितलेली भोकांची आडवी नळी पाण्याच्या वर बसवा, म्हणजे तोंड हवेत राहील आणि पाण्याची साखळी तुटेल. ते लगेच शक्य नसेल, तर नळीच्या सर्वांत उंच वळणाला, टाकीच्या आतल्या बाजूला, ४ मिलिमीटरचे एक भोक पाडा. पंप चालू असताना त्यातून बारीक चिळकांडी उडून टाकीतच पडेल आणि बंद होताच त्यातून हवा शिरेल.

दुसरी अडचण हवा अडकल्याची आहे. पंप पाण्यात सोडताना तिरका करून आत उतरवा, म्हणजे पंख्याच्या घरातली हवा निघून जाईल, आणि पंपापासून टाकीपर्यंत नळीला कुठेही झोल ठेवू नका. झोलात पाणी साचते, त्याच्या मागे हवा कोंडते आणि असल्या पंपात ती हवा ढकलण्याची ताकद नसते. प्रवाह फार जोराचा वाटला तर पंपाच्या पुढच्या, म्हणजे टाकीकडच्या बाजूला व्हॉल्व्ह लावून कमी करा. ओढणारी बाजू कधीही आवळू नका.

हडपसरचा_नावाडी

भोकांची नळी वर बसवली आणि दोन्ही अडचणी गेल्या. नळीचा झोल अगदी मागच्या फळीच्या माथ्यावरच निघाला. तिथे लाकडाचा ठोकळा देऊन तो उचलला.

रविवारी पहाटे साडेपाचला जाळे काढले. टाकीत साडेआठ किलो चिलापी, दोन रोहू आणि दीड किलोचा एक कटला ठेवला. मिळून अकरा किलोच्या थोडे आत. पहिली दहा मिनिटे कटला वरच्या धारांखालीच तोंड करून उभा होता आणि कल्ले भराभर हलत होते. साडेसहाच्या सुमारास तो खाली गेला आणि कल्ल्यांची हालचाल संथ झाली. आठ वाजता काठावर आलो तेव्हा टाकीत एकही मासा मेलेला नव्हता. गिऱ्हाइकाने कटला ओल्या हातांनी उचलून आपल्या टाकीत सोडला, दोन मिनिटे पाहिला आणि पुढच्या रविवारी किती मिळतील, असे मामांना विचारले. मामांनी दहा किलोच सांगितले.

ताई, तुम्ही म्हणालात ते जाळीचे खरे आहे. ज्या दोन चिलापी जाळ्यातून ओढून काढाव्या लागल्या, त्यांच्या पाठीवरचे खवले निघालेले दिसले, म्हणून त्या गिऱ्हाइकाला दिल्या नाहीत, घरी खाल्ल्या.

जूनमध्ये होडी वर ओढली की मागची फळी आतून उघडणार आहोत. भोसरीच्या दादांना विनंती आहे की, जुने प्लायवूड काढताना बाहेरचा पापुद्रा शाबूत ठेवायचा असेल तर करवतीची खोली कशी ठरवावी, आणि आयएस ७१० चे मरीन प्लाय १८ मिलिमीटरचे दोन थर लावावे की १२ चे तीन, हे सवडीने सांगावे. फळीची मापे आणि फोटो रविवारी टाकतो.

फायबरकाम_भोसरी

१२ चे तीन. मागच्या फळीला हलकीशी गोलाई असेल तर पातळ थर तिच्यावर विनासायास वळतात आणि थरांमध्ये हवा राहत नाही. करवतीच्या खोलीसाठी तुम्ही आता पाडलेल्या भोकातच एक काडी घाला आणि बाहेरच्या पापुद्र्यापर्यंत किती जाते ते मोजा. त्यातून ३ मिलिमीटर वजा करा. मापे आली की बाकीचे लिहितो. तोवर ते भोक उघडे ठेवू नका.